इंदापूरचा नावाडी

हे घडलेलं आहे. पटवून द्यायला मी बसलेलो नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यात पहिला मीच आहे.

रात्र नव्हती.

अमावस्या नव्हती. पिंपळ नव्हता. पांढरी साडी नव्हती.

भर दुपार होती. मार्च, १९९९. इंदापूर. पत्र्याचं गोदाम, गोदामाला चिकटून दोन खोल्यांचं ऑफिस, आणि पत्र्यावर कडकडीत ऊन.

गोदामात एक मशीन होतं. बंद. वायर काढलेलं. पोत्यानं झाकलेलं.

त्यानं मला ओ दिली…

थांबा. असं नाही कळणार. परत सांगतो.

*

माझं नाव बुद्धघोष. मी बारामतीचा. पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात भूत हा शब्द चेष्टेतसुद्धा चालत नाही. त्यामुळं ही गोष्ट घरी सांगता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता. पप्पांनी चष्मा काढला आणि विचारलं, "झोप होते ना रे नीट?"

म्हणून इथं सांगतोय.

त्या वर्षी मी एका संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघायला लागलो होतो. पशुखाद्य आणि बियाणं विकणारी संस्था. मुख्य ऑफिस बारामतीत, शाखा इंदापुरात. संस्थेचं नाव सांगत नाही. माझं सोडून सगळ्यांची नावं बदलली आहेत.

एक नाव मात्र बदलता येणार नाही. कारण ते नाव नव्हतंच. तिथंच सगळं फसलं.

*

आता जरा मशीनचं ऐका. फार नाही.

मशीनला नाव असतं आणि नंबर असतो. माणूस नाव घेतो. मशीनला नंबर लागतो. कुठल्या नावाचा कुठला नंबर, हे सांगायला एक वेगळं मशीन बसवलेलं असतं. आमचं ते मशीन बारामतीत होतं.

फक्त बारामतीत.

म्हणजे काय व्हायचं? इंदापूरच्या काउंटरवर विजयमाला वहिनी पावती छापायच्या. प्रिंटर शेजारच्या टेबलावर. हात लांब केला की लागेल एवढ्यावर. पण त्यांच्या मशीनला प्रिंटरचा नंबर माहीत नसायचा. ते बारामतीला विचारायचं, प्रिंटर कुठं आहे? बारामती सांगायची, तुझ्या शेजारी. मग पावती निघायची.

आणि बारामतीला जोडणारी टेलिफोनची लाइन बंद असली की?

की प्रिंटर शेजारी असून सापडायचा नाही.

आणि लाइन जवळजवळ रोज बंद असायची. कधी रस्त्याचं खोदकाम. कधी पडलेला खांब. कधी काही कारणच नाही. पोती ट्रॅक्टरवर चढलेली, गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलेलं, आणि पावती निघत नाही.

शाखेचे प्रमुख सर्जेराव. सगळ्यांचे आबा. साठीला आलेले, जाड मिशा, तोंडात कायम सुपारी. ते म्हणायचे, "इंजिनेर, बायको सैपाकघरात हाय का न्हाय, ते इचारायला सासरवाडीला फोन करायचा. आसला परकार हाय ह्यो!"

हसायला आलं असतं. पण मोहनरावांना हे समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं.

मोहनराव म्हणजे बारामतीचे मोठे साहेब.

"साहेब, नावं सांगणारं एक मशीन इंदापुरातच ठेवू."

"कशाला? बारामतीत आहे की."

"लाइन बंद असली की तिथपर्यंत पोचता येत नाही."

"मग लाइन चालू करा."

"लाइन आपल्या हातात नाही, साहेब."

"मग ते मशीन बसवून लाइन चालू होणार आहे का?"

"नाही, पण…"

"मग कशाला?"

असं. दर आठवड्याला. तेच प्रश्न, तीच उत्तरं. भिंतीला बोललो असतो तर निदान भिंतीनं उलट विचारलं नसतं.

*

असंही नाही कळणार. परत सांगतो. आता माणसांचं.

विजयमाला वहिनींच्या खुर्चीवर आधी त्यांचे मालक बसायचे. जोतीराम. मी त्यांना कधी बघितलं नाही. मी लागलो जानेवारीत, आणि ते गेले त्याआधी, दिवाळी झाल्यावर.

गोदामात किती माल शिल्लक, तो आकडा रोज दुपारी बारामतीला गेला पाहिजे, असा मोहनरावांचा हुकूम. लाइन बंद असली की जोतीराम आकडा फ्लॉपीत भरायचे, फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मोटारसायकलवरून बारामतीला निघायचे. एवढ्याशा आकड्यासाठी एवढा रस्ता.

एका दुपारी असेच निघाले. लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळली.

आकडा पोचला नाही.

संस्थेनं त्यांच्या जागी वहिनींना घेतलं. कायम नाही. शाखा आहे तोवर. आणि शाखेचं काय? तर बारामतीच्या कमिटीत बोलणं चाललं होतं, इंदापूर बंद करून टाकू, फार कटकट आहे. मोहनरावांनी मला स्वच्छ सांगितलं, "मार्चअखेरपर्यंत आकडा एक दिवस जरी चुकला, तर काउंटरला कुलूप."

म्हणजे लाइन तुटली की वहिनींची नोकरी तुटणार. घरात सासू, पदरात एक शाळेतली पोरगी.

लाइनपायी माणूस गेला होता. आणि लाइन होती तशीच होती. याचा मला जेवढा राग यायचा, तेवढा नंतर जे घडलं त्याची भीतीसुद्धा वाटली नाही.

खोटं बोललो. भीती वाटली.

*

मी कुणाला न विचारता मशीन बसवलं.

अडगळीतलं एक जुनं मशीन घेतलं. मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी होती, ती त्यात घातली. त्याला वायर नव्हती. गोदामात पोत्याखाली आणखी एक मशीन पडलं होतं, पार गेलेलं. त्याची वायर काढून याला लावली. हे लक्षात ठेवा. वायर मी माझ्या हातानं काढली होती.

"ह्याला म्हनायचं काय?" सर्जेरावांनी विचारलं.

"नावं सांगणारं मशीन."

"नावं सांगनारा? म्हंजे नावाडी की वं!" ते स्वतःवरच खूश झाले. "भिगवणला धरणाच्या पान्यात लई हायेत. आमच्याकडं न्हवता, तेवढी कमी तुमी भरली."

तेव्हापासून सगळे त्याला नावाडी म्हणायला लागले.

मग नावं भरायला बसलो. लाइट कधीही जाईल अशी वेळ. घाईत होतो. वहिनी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या.

"काउंटर. प्रिंटर. गोदाम. आणखी?"

"अजून एक हाय. आत. पोत्याखाली हाय ते."

"ते बंद आहे वहिनी."

"आसू दे की. नंबर हाय ना त्येला?"

होता. नंबर वर चिकटवलेला होता. म्हटलं ठीक आहे, टाकू. "त्याचं नाव काय?"

वहिनींनी पदर सारखा केला.

"मशीनचं नाव, वहिनी."

"ह्यांचंच नाव दिलं हुतं त्येला."

"कुणाचं?"

"ह्यांचं."

मी नवा होतो. तेव्हा जोतीराम हे नाव माझ्या कानावरूनसुद्धा गेलेलं नव्हतं. सगळे 'वहिनींचे मालक' एवढंच म्हणायचे. सर्जेराव चहाला गेलेले. पत्रा तापलेला. डोकं त्याहून जास्त.

"मग टाकू काय? तुम्ही काय म्हणायचात त्यांना?"

"मी? मी काय म्हननार? अहो म्हनायची."

मी टाकलं. अहो. इंग्रजी तीन अक्षरं. नंतर सर्जेरावांना विचारून बदलू, म्हटलं.

वहिनींनी पडद्यावर वाकून बघितलं, आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. "निम्म्या गावाचं नाव हेच हाय, भाऊ. कोन बी ओ दील."

*

दुसऱ्या दिवशी लाइन तुटली. निमगावच्या बाजूला कुणीतरी चर खणताना केबलच उपटली.

साधा फोन वेगळ्या तारेवर होता, तो चालू होता. टेलिफोनवाल्यांना लावला.

"मानूस भायेर गेलाय."

"कुठं?"

"म्हाईत न्हाय."

"कधी येईल?"

"आला म्हंजे आला."

पावत्या मात्र धडाधड निघत होत्या. नावाडी जागच्या जागी उत्तरं देत होता. कुणाला बारामती लागत नव्हती. सर्जेरावांनी चहा सांगितला.

पण दुपारचा आकडा? नाव कळलं म्हणून आकडा पोचत नाही. त्याला रस्ता लागतो. रस्ता तुटलेला होता.

वहिनींनी आकडा भरला, पाठवायचं बटण दाबलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"जाईल का वं, भाऊ?"

"लाइन आली तर."

लाइन आली नाही. लाइन ज्यातून यायची त्या मोडेमचा दिवा विझलेला तो विझलेलाच.

मग… गोदामातून आवाज आला.

खर्रर्र… टक.

जुन्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली की होतो तसा. सर्जेराव म्हणाले, "घुशी."  पदर गुंडाळणारं वहिनींचं बोट मात्र थांबलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. मोहनराव. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला.

"आज आला रे आकडा व्यवस्थित."

"साहेब… लाइन बंद आहे."

"मग आकडा काय चालत आला?"

मी मोडेमकडं बघितलं. दिवा विझलेलाच.

"आणि पाठवणाऱ्या मशीनचं नाव काय ठेवलंयस? अहो? ऑफिस आहे का घर आहे ते?"

फोन ठेवला. वहिनींच्या मशीनचं नाव काउंटर होतं. आकडा तिथून जायचा.

अहो… पोत्याखाली होतं.

मी आत गेलो. पोत्यावर धूळ. बोट फिरवलं की रेघ उठेल एवढी. पोतं उचललं. मागं वायर लावायची जागा मोकळी, तिच्यात कोळ्याचं जाळं. मशीनवर हात ठेवला.

गरम.

मार्चात पत्र्याखाली सगळंच गरम असतं. पोती गरम होती. भिंत गरम होती. मी भिंतीलाही हात लावून बघितला. एवढा शहाणा मी.

*

एक आज्ञा असते. मशीनला हाक मारायची. हाक मारली की समोरचं मशीन ओ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा पडद्यावर उमटतो. जवळच्याची ओ लगेच. लांबच्याची उशिरा. बंद मशीन ओ देत नाही. एवढं साधं आहे.

तिसऱ्या दिवशी मी मोडेम काढून स्वतःच्या पिशवीत घातला. चेन लावली. पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

वहिनींनी आकडा भरला. बटण दाबलं.

खर्रर्र… टक.

मी हाक मारली: अहो.

ओ आली. लगेच. अगदी शेजारून यावी तशी.

परत हाक. परत ओ. जरा उशिरा.

परत. आणखी उशिरा.

मशीन हाका मारत होतं, ओ येत होती, आणि वेळेचा आकडा वाढत होता. पंखा बंद. लाइट गेलेली. बॅटरीवर दोन पडदे तेवढे चालू. 

वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हे वाढतंय ते काय हाय?"

"ओ यायला लागणारा वेळ."

"म्हंजे लांब चाललंय."

"कोण?"

त्या पडद्याजवळ वाकल्या.  मग हळूच म्हणाल्या…

"निमगाव केतकी आलं."

मी वळून बघितलं.

"आता शेळगाव."

"वहिनी, तुम्हाला काय माहीत?"

"घरात बसून रोज तेच तर करायची मी. गाडी गेली का माजं डोकं तिच्या मागनं जायाचं. भाकरी थापता थापता कळायचं, आता हितं आसतील, आता तितं आसतील." त्या पडद्याला सांगावं तसं बोलत होत्या. "अंथुर्णे. …लासुर्णे."

आणि ओ थांबली. पडद्यावर एकच ओळ उमटायला लागली.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

वहिनींनी माझ्या खुर्चीची पाठ धरली.  सर्जेराव दारात उभे होते. सुपारी चघळायची थांबली होती.

"लाइट गेली आसंल तिकडं," ते म्हणाले. त्यांनाच ते पटलं नाही.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

मग… ओ आली. बारीक. उशिरा. पण आली. आकडा पुढं सरकायला लागला. सणसर. काटेवाडी. आता वहिनी नावं घेत नव्हत्या, मीच मनात घेत होतो.

फोन वाजला.

"आकडा आला," मोहनराव म्हणाले. "बघ, मनावर घेतलं की जमतं."

मांडीवरच्या पिशवीत मोडेम होता. मी चेन उघडून बघितलं. होता.

*

मी आणि सर्जेराव, दोघंही काही दिवस गप्प बसलो.

केबल जोडली गेली नव्हती. टेलिफोनचा माणूस अजून बाहेरच होता. मार्च संपायला थोडे दिवस उरले होते. आकडा रोज पोचत होता. मोहनराव फोनवर चक्क हसायला लागले होते.

"येतोय तर येऊ द्या की," सर्जेराव चहाच्या टपरीवर मला म्हणाले. "कुनाचं काय बिघाडतंय? उलट त्या बाईचं भलं हुतंय. आन् नवऱ्यानं बायकूसाठी केलं, तर त्येच्यात वंगाळ काय?"

"आबा, तुम्हाला पटतंय हे?"

"न्हाय पटत. म्हनून तर इचार करीत न्हाय. तुमी बी करू नका."

मी केला. रोज संध्याकाळी एसटीनं बारामतीला परत जाताना, लासुर्णं आलं की डोळे मिटून घ्यायचो. शेजारचे म्हणायचे, गाडी लागते का? मी म्हणायचो, हो.

आणि रोज दुपारी तेच. आवाज. हाक. ओ. वाढत जाणारा आकडा. आणि रोज त्याच जागी… त्याच जागी थांबणं.

रोज.

एके दिवशी वहिनींनी आकडा भरलाच नाही.

नुसत्या बसून होत्या. हात मांडीवर. काउंटरवरचं शेवटचं गिऱ्हाईक गेलं तशा म्हणाल्या, "भाऊ, ते नाव काढा."

"कुठलं?"

"मी सांगितलं हुतं ते."

सर्जेराव लगबगीनं उठले. "विजयमाला, आगं येडी हाईस का? चार दिस ऱ्हायल्यात. आकडा चुकला तर कुलूप लावत्याल ते. खाशीला काय?"

"मला काय दिसत न्हाय व्हय, आबा?"

"काय दिसतंय?"

"तितं थांबत्यात ते. रोज." त्यांचा आवाज वाढला नाही. तसाच सपाट राहिला. "लासुर्ण्याच्या म्होरं. रोज तितं जाऊन पडत्यात, आन् रोज उठून म्होरं जात्यात. एकदा मेल्यालं मानूस हाय, आबा. माज्या भाकरीसाठी त्येनं रोज मरायचं का?"

सर्जेराव खाली बसले.

मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, "वहिनी, उद्या केबल जोडतील कदाचित. मी परत फोन करतो. दोन दिवस थांबू."

"दोन दिस म्हंजे दोनदा."

 एवढे महिने मोहनरावांशी वाद घालत होतो. इथं पहिल्या वाक्याला हरलो.

मी नावाड्यासमोर बसलो. नाव शोधलं. काढायच्या आधी सवयीनं एक हाक मारून बघितली.

ओ आली. लगेच. अगदी जवळून.

गोदामातून आवाज… खर्रर्र.

वहिनी उठल्या आणि गोदामाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या अंधाराकडं तोंड करून. मला त्यांची पाठच दिसत होती. लग्नाला किती वर्षं झाली असतील, त्या सगळ्या वर्षांत जे नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं…

"जोतीराम," त्या म्हणाल्या.

सर्जेरावांनी मान खाली घातली.

"जोतीराम, पुरं झालं. आज जायाचं न्हाय. घरी जावा."

टक… झालं नाही. नेहमी व्हायचं. त्या दिवशी झालं नाही.

मी नाव काढलं. नावाडी बंद करून परत चालू केला. हाक मारली.

असं नाव इथं कुणाचं नाही, असं उत्तर आलं.

"गेलं?" वहिनींनी विचारलं.

"गेलं."

मग त्यांनी आकडा भरला. बटण दाबलं. तो कुठंही गेला नाही. थोड्या वेळानं फोन वाजायला लागला. आम्ही तिघं बसून होतो. कुणी उचलला नाही. वाजून वाजून थांबला, आणि पत्रा तडतडल्याचा आवाज तेवढा राहिला.

*

मार्च संपायच्या आत कमिटीनं ठराव केला. काउंटरला कुलूप लागलं. दुसऱ्याच दिवशी केबल जोडली गेली. मी टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन त्या माणसाला एवढा बोललो की तोच घाबरला. त्याचा काय दोष? पण कुणाला तरी बोलायला पाहिजे होतं.

सर्जेराव घरी बसले. वहिनी पोरगी आणि सासूला घेऊन निरवांगीला भावाकडं गेल्या. मशिनं बारामतीला आणली. पोत्याखालचं मशीन भंगारात दिलं, आणि गेलं की नाही ते उभं राहून बघितलं. लाइनही संस्थेनं सोडून दिली.

संपलं.

संपायला पाहिजे होतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा मोहनरावांनी केबिनमध्ये बोलावलं.

"इंदापूरचं काहीतरी तू तसंच ठेवलंयस. काढून टाक."

"काय ठेवलंय?"

"आकडा येतोय रोज."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"काय बघतोयस? बंद शाखेचा आकडा कशाला येतोय? काढ."

मी बारामतीच्या नावं सांगणाऱ्या मशीनसमोर बसलो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. एका मशीननं दुसऱ्याला नाव विचारलं, की मिळालेलं उत्तर ते थोडा वेळ लक्षात ठेवतं. किती वेळ, ते आपणच ठरवून द्यायचं. वेळ संपला की विसरायचं. तसा नियमच आहे. बारामतीनं कधीतरी इंदापूरला विचारलं असणार, हा कोण? इंदापूरनं सांगितलं असणार. मी एक दिवस लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

दोन महिने होऊन गेले होते.

मी ते सगळं पुसलं. मशीन बंद केलं. चालू केलं. हाक मारली.

अहो.

ओ आली…

लांबून. इथून इंदापूर जेवढं लांब, तेवढ्या लांबून. आणि मग जवळ जवळ येत.

मी घड्याळाकडं बघितलं नाही. बाहेर दुपारच होती.

काही वेळानं उत्तर नाही.

उत्तर नाही.

उत्तर नाही.

मोहनराव मागून म्हणाले, "एवढं काय टक लावून बघतोयस? काढून टाक की."

"निघत नाही, साहेब."

"निघत नाही म्हणजे? मग लाइन तोड."

"लाइन केव्हाच तोडलीय."

"मग येतोय कुठून?"

 पडद्यावर परत ओ आली होती. बारीक. आता सणसर असेल. मी उठलो आणि खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. काय येणार होतं, आणि आलं तर मी काय करणार होतो, माहीत नाही. काही आलं नाही. वर मात्र आकडा येऊन पोचला होता.

मी मशीन बदलून बघितलं. नंबर बदलून बघितले. पुण्याहून माझ्यापेक्षा हुशार माणूस बोलावला, त्यानं चहा घेतला आणि मलाच विचारलं, तुम्ही काय केलं होतं? शेवटी मोहनराव म्हणाले, राहू दे, कुणाला त्रास आहे त्याचा?

त्या पावसाळ्यात मी ती नोकरी सोडली.

*

पुढच्या वर्षी वहिनी भेटल्या. इंदापूरच्या एसटी स्टँडवर. अंगावर नवं लुगडं नव्हतं, पण चेहरा भरलेला. निरवांगीत शिवणकाम करतात म्हणाल्या. पोरगी शाळेत पहिली आली. सासूचं गुडघ्याचं दुखणं आहे तसं आहे.

मी एका कामासाठी आदल्या दिवशी त्या बारामतीच्या ऑफिसात जाऊन आलो होतो. दुपारी. त्या मशीनसमोर दोन मिनिटं उभा राहिलो होतो. आकडा अजून येत होता. ते मी बोललो नाही.

"तुमी लई केलं भाऊ आमच्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "नोकरी गेली, जाऊ द्या. पर मला झोप लागती आता. दुपारची बी लागती. डोकं कुनाच्या मागनं जात न्हाय."

मी मान हलवली.

"निवांत हायेत ना वं हे आता?"

निरवांगीची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. त्या माझ्याकडं बघत थांबल्या होत्या, पिशवी हातात धरून, उत्तर घेऊनच गाडीत चढायचं अशा बेतानं.

"चहा घेणार, वहिनी?" मी विचारलं.